तुम्ही विचारलंत म्हणून: सुटलेला पियानो पुन्हा, एकट्याने

"शाळेत काही वर्षं पियानो शिकलो, दहावी आली आणि सुटला. आता नोकरी-संसार सांभाळून, क्लास न लावता पुन्हा सुरू करायचाय. जमेल का? आणि कशापासून सुरू करू?" पुण्यात हा प्रश्न मला सतत विचारला जातो. विचारणाऱ्यांत लहानपणी ग्रेडच्या परीक्षा दिलेले असतात, तसे वर्षानुवर्षं पेटी वाजवून आता पियानोकडे वळलेलेही असतात.

जमतं. फक्त जिथे सोडलं होतं तिथून सुरू करू नका, दोन पायऱ्या खालून सुरू करा. बोटांची आठवण लवकर परत येते, वाचन मागे राहतं. जुना पीस आठवडाभरात हाताखाली यायला लागतो आणि सगळं परत आलं असं वाटतं. मग मध्येच एक सूर चुकतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागतं. म्हणजे हाताला नुसता क्रम पाठ आहे. हे तपासायला पीसमधला कुठलाही बार (दोन उभ्या रेघांमधला मात्रांचा गट) निवडा आणि तिथून सुरू करा. मग डावा हात एकटा, उजव्याच्या आधाराशिवाय, शेवटपर्यंत वाजवा. यातलं काही अडलं तर तो पीस तुम्हाला येत नाही असंच धरा.

बेथोव्हेनचं 'फ्यूर एलीझ' हे याचं नेहमीचं उदाहरण. पहिले बावीस बार सगळ्यांना येतात. मग एफ मेजरचा भाग येतो, त्यातले भराभर पळणारे बत्तिसांश सूर येतात आणि तिथे गाडी कायमची थांबते. त्याच्याच 'मूनलाइट' सोनाटाची पहिली मूव्हमेंटही (पहिला भाग) दिसते तेवढी सोपी नाही. उजव्या हाताच्या खालच्या बोटांनी तीन-तीनच्या लाटा हळू वाजवायच्या आणि त्याच हाताच्या करंगळीने वरची धून गायची, हे वेगळं घोटावं लागतं. धून मोठ्याने वाजवा, बाकीच्या पट्ट्या नुसत्या स्पर्श करून सोडा, मग हळूहळू त्यांच्यात आवाज भरा. पण हे पहिल्या सहा महिन्यांचं काम नव्हे.

सुरुवातीला जी मेजरमधला तो प्रसिद्ध मिन्युएट घ्या. तो बाखच्या नावावर खपतो, पण रचना क्रिस्टियान पेट्झोल्डची आहे. तीन मात्रांचा, बत्तीस बारांचा, एवढासा. पहिल्या बारमध्ये उजव्या हाताची करंगळी वरच्या डी वर, मग जी-ए-बी-सी वर अंगठ्यापासून १-२-३-४, आणि पुढच्या बारच्या डी वर पुन्हा करंगळी. डाव्या हाताला जी-बी-डी ही कॉर्ड (एकदम वाजवायचे सूर) दोनच मात्रा धरायची आहे. तिसऱ्या मात्रेवर एकटा ए, आणि पुढच्या बारमध्ये बी. पण बहुतेकांकडून ती कॉर्ड चुकून तिसऱ्या मात्रेवरही दाबून ठेवली जाते, ए तिच्यात बुडतो आणि डाव्या हाताची जी-ए-बी ही चढती चाल ऐकूच येत नाही. चौथं बोट ए वर येताच बाकीची बोटं उचलली गेली की ती चाल मोकळी होते. एवढ्या छोट्या गोष्टीत डाव्या हाताचं अर्धं शिक्षण आहे.

पेटीवाल्यांनी तर इथे जास्तच वेळ द्यावा. पेटीला डावा हात भात्यावर असतो, त्यामुळे त्याची बोटं कधी स्वतंत्र चाललेलीच नसतात. दुसरं म्हणजे, पेटीचा आवाज भात्यावर ठरतो, पट्टी जोरात दाबली काय, हळू दाबली काय, फरक पडत नाही. पियानोत हातोडी तारेवर आपटायच्या क्षणी पट्टीपासून सुटलेली असते, म्हणून आवाज पट्टी खाली जाण्याच्या वेगावर ठरतो. पट्टी जेमतेम एक सेंटीमीटर खाली जाते, जे करायचं ते तेवढ्यात. त्यानंतर तळाशी दाबत राहिलं तर आवाज बदलत नाही, फक्त मनगट आणि पुढचा हात दुखतो. तिसरी अडचण वाचनाची. सा कुठेही धरायची सवय असली की स्टाफवरचे (नोटेशनच्या पाच रेघांवरचे) ठरलेले सूर डोळ्यांना पटकन सापडत नाहीत. पांढरी एक म्हणजे सी, काळी एक म्हणजे सी शार्प, एवढं जुळवून घ्या आणि मग सरगम बाजूला ठेवा. सरगममध्ये लिहून घेतलेला पियानोचा पीस वाचन कायमचं अडवतो.

वाद्य काय घ्यावं? फ्लॅटमध्ये राहणाऱ्या बहुतेकांना ८८ वजनदार पट्ट्यांचा, हॅमर ॲक्शनचा डिजिटल पियानो पुरतो. ६१ हलक्या पट्ट्यांच्या कीबोर्डवर बोटांत ताकद आणि नियंत्रण येत नाही. सोबत मिळणारं साधं पेडल नुसतं चालू-बंद होतं आणि गुळगुळीत फरशीवर पुढे सरकत जातं. हाफ-पेडल चालणारं, म्हणजे अर्धवट दाबलेलंही ओळखणारं, जड पेडल घ्या, खाली रबरी मॅट टाका. हेडफोन लावले तरी पट्ट्यांची धडधड स्टँडमधून खालच्या मजल्यावर पोचते, तिलाही जाड मॅट उपयोगी पडते. वळवाच्या पावसात विजा सुरू झाल्या की प्लग काढून ठेवा.

जुना अपराइट (उभा, खऱ्या तारांचा पियानो) घ्यायचा मोह कॅम्पातली घरं पाहिली की होतोच. घ्या, पण पुण्याची हवा समजून घ्या. पावसाळ्यात दमटपणा ८० टक्क्यांच्या वर जातो, मार्च-एप्रिलच्या दुपारी तो ३०च्या खाली येतो. साउंडबोर्ड (तारांमागची लाकडी फळी) पाणी पिऊन फुगतो, तारा ताणल्या जातात आणि मधलं सप्तक चढतं. उन्हाळ्यात लाकूड आटतं आणि तेच उतरतं. ऐन जूनमध्ये ट्यूनिंग करून घेतलं तर पैसे वाया जातात, कारण लाकूड अजून हलत असतं. दिवाळीनंतर हवा स्थिरावली की पहिलं, आणि वर्षातून आणखी एक. पावसाळ्यात पट्ट्या अडकतात त्या बहुधा पट्टीतलं पिनेभोवतीचं फेल्ट फुगल्याने. तिथे तेल घालू नका, ट्यूनर ते चिमट्याने दाबून मोकळं करतो.

विकत घेण्याआधी एकेक पट्टी वाजवा. बहुतेक सुरांना तीन तारा असतात. एकाच पट्टीतून आवाज लाटांसारखा थरथरत येत असेल तर त्या आपसांत जुळलेल्या नाहीत. थोडंफार बेसूर असणं चालतं, पण खुंट्या ढिल्या झाल्या असतील तर ट्यूनिंग टिकतच नाही. हे ट्यूनरला सोबत नेऊन तपासावं. पूर्ण वाद्य अर्धा सूर उतरलेलं असेल तर एकदम ४४० वर (ए सुराच्या ठरलेल्या उंचीवर) चढवायला सांगू नका. सगळ्या तारांचा मिळून ताण पंधरा-वीस टन असतो आणि गंजलेली तार तुटते. खालचं झाकण काढून फेल्टला कसर आणि लाकडाला वाळवी लागली आहे का, तेही पाहा.

रियाजाचं म्हणाल तर रोज अर्धा तास रविवारच्या तीन तासांपेक्षा जास्त देतो. पहिली पाच-सात मिनिटं न पाहिलेलं काहीतरी वाचा, तुमच्या पातळीपेक्षा खूप सोपं, चुकलं तरी न थांबता. बार्तोकच्या 'मिक्रोकॉस्मोस'चे पहिले दोन खंड यासाठी उत्तम आहेत. मग चार बार घ्या, हात वेगळे, मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) मिनिटाला ६० वर, आणि चार बार बसले की पाचव्या बारचा पहिला सूर जोडूनच थांबा. अडखळणं बारांच्या सांध्यावर होतं, म्हणून तो सांधाच घोटायचा. बोटांचे आकडे पेन्सिलने लिहा आणि रोज तेच वापरा. एकट्याने शिकणारे हे टाळतात आणि मग प्रत्येक दिवशी हात नवीन वाट शोधत राहतो. मनगटात किंवा अंगठ्याच्या मुळाशी दुखलं तर त्या दिवशी थांबा. स्टूलची उंची तपासा, कोपर पट्ट्यांच्या पातळीला हवं.

सात-आठ महिन्यांनी शोपँचा ई मायनर प्रिल्यूड घ्यायला हरकत नाही. पंचवीसच बार आहेत. डाव्या हाताच्या कॉर्ड सतत वाजत राहतात आणि त्यातला एखादा सूर अर्ध्या सुराने खाली सरकतो. सगळा पीस त्या सरकणाऱ्या सुरावर उभा आहे, म्हणून आधी तो एकटा वाजवून ऐका. नवी कॉर्ड वाजतानाच पेडल सोडा आणि ती वाजल्यावर लगेच पुन्हा दाबा. आधी दाबलं तर जुनी कॉर्ड नव्यात मिसळते.

क्लास लावायचा नसला तरी तीन-चार महिन्यांतून एकदा एखाद्या शिक्षकांना तासभराचे पैसे देऊन हात दाखवा. त्यांना पीस शिकवायला सांगू नका. मनगट, खांदे, अंगठा कसा चालतो तेवढं पाहायला सांगा. फोनवरच्या रेकॉर्डिंगमध्ये ताल आणि पेडल ऐकू येतं, खांद्यातला ताण ऐकू येत नाही. आणि माझदा हॉलमध्ये पियानोचा कार्यक्रम असेल तेव्हा डावीकडच्या खुर्च्यांवर बसा, तिथून हात दिसतात.