भिडूकडे एक्का नव्हताच

भुसावळचा मे महिना, कूलरची घरघर, ब्रिजचा डाव आणि समोर तीन नो ट्रम्प, म्हणजे हुकूम नसताना तेरापैकी नऊ हात करायची बोली. किलवरचा एक्का मारून हात मी घेतला. आता इस्पिक खेळावं, भिडूकडे एक्का असेल, असं वाटून पान जवळजवळ टाकलंच होतं.

"काय घाई शे, भाऊ?" भिडू नेहमी म्हणतो, ते आठवलं. थांबलो, मोजलं. पत्त्यांत गुण 40: एक्क्याचे 4, राजाचे 3, राणीचे 2, गुलामाचा 1. माझे 12, डमीचे (बोली लावणाऱ्याच्या भिडूच्या उघड्या पानांचे) 10, आणि बोली लावणाऱ्याने बोलीतून पंधरा ते सतरा सांगितलेले. भिडूला उरतात फार तर 3. एक्क्याचे तर 4! म्हणजे असलाच तर राजा.

माझ्याकडे बदामाचे एक्का, राणी, दश्शी, दुर्री. दुर्री टाकली. भिडूने राजा मारला, बदामच परत केलं. बोली लावणाऱ्याचा गुलाम मधोमध सापडला. पाच हात आमचे, बोली बुडाली.