सांता सोडून बाकीचे

डिसेंबर लागला की जिकडेतिकडे लाल कोटवाला सांता दिसायला लागतो. गोड आहे तो, पण त्याच्यामुळे हिवाळ्यात भेटी आणणारे बाकीचे सगळे मागे पडतात याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण त्यांच्या गोष्टी जास्त खोल आहेत. आणि त्या एकामागून एक वाचत गेलं की जाणवतं, यातले बरेच जण मुळात द्यायला नाही, न्यायला यायचे.

आइसलंडचंच बघा. तिथे एक सांता नाही, तेरा भाऊ आहेत, ग्रिला नावाच्या राक्षसिणीची पोरं. १२ डिसेंबरपासून २४ पर्यंत रोज एकेक जण डोंगरातून खाली उतरतो, मुलं खिडकीत बूट ठेवतात, शहाण्या मुलाला छोटीशी भेट आणि हट्टी मुलाला बटाटा, तोही कधी कधी सडका. पण हे झालं आत्ताचं. आधी हे भाऊ चक्क चोर होते. एक लाकडी चमचा चाटायचा, एक पातेल्याला लागलेली खरवड खायचा, एक धुरी द्यायला टांगलेले सॉसेज पळवायचा, एक मेंढ्यांचं दूध प्यायला गोठ्यात शिरायचा आणि शेवटचा तर लहान मुलांच्या मेणबत्त्या न्यायचा, तेव्हाची मेणबत्ती चरबीची, म्हणजे उजेड पण तीच आणि वेळ पडली तर पोटात पण तीच. आता ही यादी परत वाचा. भर थंडीत घरात जे जपून जपून वापरायचं असतं नेमकं तेच सगळं आहे तिच्यात, मला तर ही भुकेचीच यादी वाटते. यांची भीती इतकी होती की १७४६ मध्ये पोरांना असल्या भुताखेतांच्या नावाने घाबरवायचं नाही असा सरकारी हुकूम निघाला होता! आज जी तेरा नावं आणि जो क्रम सगळ्यांना पाठ आहे तो १९३२ च्या एका कवितेमुळे पक्का झाला.

फिनलंडमध्ये तर शिंगं लावून बोकडाचं सोंग घेतलेली माणसं दारोदार फिरायची आणि सणाचं उरलंसुरलं खाणंपिणं मागायची, तोच बोकड पुढे हळूहळू भेटी वाटणारा म्हातारा झाला. रशियात खेडोपाडी लोक गोठवणाऱ्या थंडीलाच जेवायला हाक मारायचे, ये, खाऊन जा, पण आमचं पीक मारू नकोस. रशियात भेटी आणणारा म्हातारा म्हणजे डेड मोरोझ, त्याच्या मागे ही थंडी उभी आहे. क्रांतीनंतर त्याला हद्दपार केलं होतं, १९३५ च्या शेवटी सणाचं सजवलेलं झाड परत आलं पण ख्रिसमसचं नाही, नवीन वर्षाचं, आणि त्याच्यासोबत तोही परतला.

माझा सगळ्यात लाडका मात्र स्वीडन-नॉर्वेकडचा शेतघर राखणारा बुटका म्हातारा. ख्रिसमसच्या रात्री त्याला लापशीचा वाडगा ठेवायचा, वर लोणी हवंच. एका गोष्टीत त्याला वर लोणी दिसत नाही, तो भडकतो आणि त्या घरची चांगली गाय मारून टाकतो, मग परत येऊन लापशी खायला बसतो तर लोणी वाडग्याच्या तळाशी! इतका ओशाळतो की रातोरात दुसरीकडून तशीच गाय आणून गोठ्यात बांधतो. आता तोच तिकडे सांताचं काम करतो.

आणि स्पेनमधल्या कॅटलोनियात घेणं-देणं दोन्ही अजून एकाच ठिकाणी आहे. तिथे भेटी देतो तो माणूस नाहीच, लाकडाचा ओंडका आहे, त्याला चेहरा रंगवतात, पुढे दोन काटक्यांचे पाय लावतात आणि ८ डिसेंबरच्या सुमारापासून मुलं त्याला रोज रात्री खाऊ घालतात, गारठू नये म्हणून पांघरूण घालतात. ख्रिसमसच्या आदल्या संध्याकाळी मग सगळी मुलं काठ्या घेऊन गाणं म्हणत त्याला बडवतात आणि पांघरुणाखालून मिठाई निघते, म्हणजे तो ती चक्क हगतो, गाण्यात पण असंच म्हणतात आणि मोठी माणसं पण मुलांना तसंच सांगतात.