बीप वाजली म्हणजे थर्मोस्टॅट चांगला असं नाही

डिसेंबरातली सकाळ. धुळ्यात त्या दिवसांत हात गारठतात, त्यामुळे गिझरचे फोन येतच असतात. देवपुरातल्या आक्कांचा आवाज मात्र वेगळा होता. “पानी उकळी ऱ्हायनं भाऊ, लवकर या!” गिझरचा एमसीबी (वीज तोडणारा स्विच) पाडा, गरम पाण्याचा नळ उघडू नका, एवढं सांगून निघालो.

पंधरा लिटरचा गिझर. टेस्टर लावून फेज नसल्याची खात्री केली, टाकी निवू दिली आणि झाकण काढलं. पाहून अंगावर काटा आला. पाणी जास्तच तापलं तर वीज तोडणारा सुरक्षा स्विच म्हणजे थर्मल कटआउट. त्याच्या दोन टोकांवर वायरचा तुकडा जोडून तो थेट केलेला, म्हणजे निकामी केलेला होता. आक्का म्हणाल्या, “गिझर सारखा बंद पडायचा. आधीच्या माणसाने मीटर लावून थर्मोस्टॅट चांगला आहे म्हणून सांगितलं.”

थर्मोस्टॅट म्हणजे पाणी ठरलेल्या तापमानाला आलं की वीज बंद करणारा भाग. त्याच्या टोकांना मीटर लावला आणि आतून जोड असला, की बीप वाजते. तशी वाजली असेलही. थर्मोस्टॅट थंड असताना त्याचे संपर्क जुळलेलेच असतात, तेव्हा बीप वाजणारच. ठरलेल्या तापमानाला ते सुटतात का, हे तापवल्याशिवाय कळत नाही.

दांडीचा थर्मोस्टॅट होता, नळीतून अलगद निघाला. आक्कांच्या गॅसवर पातेल्यात पाणी ठेवलं, तापमानाची प्रोब सोडली आणि टोकांना मीटर लावून, ती कोरडी ठेवून दांडी बुडवली. सेटिंग ६० अंश. पारा ६० ला गेला, बीप चालूच. ७०, ८०. पाणी खदखदायला लागलं तरी बीप थांबेना. संपर्क चिकटले होते. एका टोकाचा स्क्रू सैल होता, प्लॅस्टिक तिथे तपकिरी पडलेलं. २००० वॅटचा गिझर जवळपास ९ अँपिअर ओढतो. सैल जोडावर एवढा करंट रोज गेला तर तो तापतोच. म्हणजे बिचारा कटआउट आपलं काम चोख करत होता, आणि त्यालाच बाजूला काढलं होतं!

नवा थर्मोस्टॅटही आधी पातेल्यात तपासला. साठच्या आसपास टक् झालं, बीप थांबली. पाणी निवल्यावर परत सुरू. कटआउट नवा घातला. पाणी तापवणारी कॉइल २६ ओहम दाखवत होती, म्हणजे ठीक; बॉडीला करंटची गळती नव्हती.

खरी धास्ती पुढेच होती. टाकीतला जादा दाब बाहेर सोडणारा प्रेशर व्हॉल्व्ह बोअरच्या जड पाण्याने पांढऱ्या क्षारांनी बुजला होता. वाफेला बाहेर पडायला वाट नाही, वीज तोडणारं कोणी नाही. अशी टाकी फुटते. व्हॉल्व्ह बदलेपर्यंत एमसीबी वर करायचा नाही, असं आक्कांना बजावलं आणि दुपारी नवा घेऊन आलो. बसवून लिव्हर उचलला, तशी पाण्याची धार सुटली. मगच वीज जोडली.