लागला!

कोल्हापुरात मर्दानी खेळ शिकवणाऱ्या तालमी पुष्कळ. आम्हाला मात्र ते शाळेच्या मागच्या पटांगणातच शिकायला मिळाले. शाळा सुटली की दप्तरं चिंचेखाली टाकायची, मातीला हात लावून तो कपाळाला लावायचा आणि लाठी उचलायची. पहिले सहा महिने सरांनी लाठी आणि पवित्रे यापलीकडे काही दिलंच नाही. १६५९ची प्रतापगडची लढाई आणि जिवा महाला ऐकून ऐकून आमचा सगळ्यांचा डोळा दांडपट्ट्यावर. पण पट्ट्याच्या खोबळ्यात, म्हणजे हात कोपरापर्यंत झाकणाऱ्या लोखंडी मुठीत, हात गेला की मनगट वळवायची सोय राहत नाही, सगळं फिरवणं खांद्यातून आणि पायातून. "आदी पाय शिका," सर म्हणायचे.

माझ्या मनात सर राहिलेत ते फरी-गदक्यामुळे. एका हातात फरी, म्हणजे छोटी ढाल. दुसऱ्या हातात गदका, म्हणजे चामड्यानं मढवलेली काठी. आमच्याकडे पंच नसायचा. ज्याला गदका लागेल त्यानंच थांबून "लागला" म्हणायचं, हा सरांचा नियम.

आठवीत स्नेहसंमेलनासाठी निवड होती. माझ्या बरगडीवर गदका सणकून बसला. मी गप्प राहिलो आणि खेळत राहिलो. जोडीदारानं माझ्याकडे फक्त पाहिलं. थोड्याच वेळात माझा गदका त्याच्या बाहीला पुसटसा घासला, मला स्वतःलाही कळलं नव्हतं. तो थांबला. म्हणाला, "लागला." निवड माझी झाली.

सर सगळ्यांसमोर काही बोलले नाहीत. सामानाच्या खोलीत त्यांनी माझा सदरा वर केला, वळ पाहिला आणि हळद-तेल चोळलं. "लई दुखतंय न्हवं?" एवढंच. मला रडू आवरेना. दुसऱ्या दिवशी मी सगळ्या पोरांसमोर खरं सांगितलं. संमेलनात तोच खेळला, मी हलगीवाल्यांच्या शेजारी बसून पाहिलं. काय खेळला तो!

२०२४च्या शिवजयंतीला दांडपट्टा राज्यशस्त्र म्हणून जाहीर झाला, तेव्हा पहिला फोन त्यालाच केला. तो आता दर रविवारी गल्लीतल्या पोरापोरींना फरी-गदका शिकवतो. विचारलं, "पंच कोण असतो रे?"

"अजून ठेवला नाही," म्हणाला.