आमची वाटचाल : सात आणि पंधरा तारखेच्या मधला धंदा

२०१२ साली भविष्य निर्वाह निधीचं (पीएफचं) चलन ऑनलाइन झालं आणि कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगावच्या बऱ्याच फाउंड्रीवाल्यांची झोप उडाली. तोवर वर्षाच्या हिशोबाचे ३-अ आणि ६-अ चे फॉर्म हाताने भरून देणारा एखादा रिटायर्ड कारकून पुरत होता. आता ईसीआरची, म्हणजे चलन आणि विवरणपत्र एकत्र असलेली, टेक्स्ट फाइल आली. दोन रकान्यांच्या मध्ये हॅश, टिल्डे, हॅश. एक चिन्ह चुकलं की फाइल परत. कारखान्यांच्या पगाराचे आणि पीएफचे हिशोब करणारी आमची फर्म त्या फाइलच्या जोरावर उभी राहिली.

२०१३ ते २०१७ बरं चाललं, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. नाव झालं ते एकाच कामावर : सोडून गेलेल्या कामगाराला जास्त गेलेला पगार. हे काम कुणालाच आपलं वाटत नाही. मालकाला रक्कम किरकोळ वाटते, सीए म्हणतो हे माझ्याकडे येत नाही, आणि कन्सल्टंट चलन भरून मोकळा.

त्यासाठी आमच्याकडे एक वही आहे, निघालेल्यांची. बाकी सगळं संगणकावर गेलं, ही गेली नाही. लांब, आडवी, जाड पुठ्ठ्याची. तिच्यात तारखांचे चार रकाने : प्रत्यक्ष काम केलेला शेवटचा दिवस, राजीनाम्यावरची तारीख, थंब मशीनवरची शेवटची नोंद, आणि बँकेला पगाराची फाइल गेली तो दिवस. पुढे उचलीची बाकी, रजेची बाकी, बूट-गणवेश-हत्यारं. जास्तीचा पगार या चार तारखांच्या फटीतूनच जातो. राजीनाम्यावर ३१ तारीख आहे, माणूस १८ पासून आलेला नाही, सुपरवायझरने रजा म्हणून हजेरी लावून टाकली आणि ऑफिसने मागच्या महिन्याचीच फाइल उचलून बँकेत चढवली. दिवाळीला तर हे हमखास. सण महिनाअखेरीच्या आधी आला की पगार आधी होतो, उरलेले दिवस भरले असं धरून. बोनस, पगार, उचल सगळं एकदम खात्यात पडतं, माणूस गावी जातो आणि परत येतो तो शेजारच्या कारखान्यात.

आता आकडे. महिना १४,५६० रुपये, भागिले कामाचे २६ दिवस, म्हणजे दिवसाला ५६०. कामगार १५ दिवस भरून गेला, पगार मात्र पूर्ण गेला. किती जास्त गेले? मालक लगेच सांगतो, ११ दिवसांचे ६,१६०. चूक. कामगाराच्या हातात तेवढे जास्त पडलेलेच नाहीत. पूर्ण पगारातून पीएफ १,७४७, ईएसआय (कामगार राज्य विमा) ११० आणि व्यवसाय कर २०० कापून त्याला मिळाले १२,५०३. पंधरा दिवसांचे होतात ८,४००. त्यातून पीएफ १,००८, ईएसआय ६३ आणि व्यवसाय कर १७५, कारण साडेसात ते दहा हजारांच्या टप्प्यात पुरुषांना तेवढाच लागतो. म्हणजे मिळायला हवे होते ७,१५४. फरक ५,३४९. कामगाराकडे मागायचे ते एवढेच. मधले ८११ रुपये कपातीत जास्त गेलेले, ते चलनातून सोडवायचे, त्याच्याकडून नाही. (बाई कामगार असेल तर २५ हजारांपर्यंत व्यवसाय करच नाही, मग फरक ५,३७४ येतो.) निम्मी भांडणं इथेच होतात : मालक ६,१६० मागतो, कामगार पासबुक दाखवतो, आणि दोघंही आपापल्या जागी खरं बोलत असतात.

हे ८११ सुटतात ते वेळेत हात घातला तर. पगार सातच्या आत, पीएफ आणि ईएसआयचं चलन पंधराच्या आत. मधले आठ दिवस म्हणजे आमचा खरा धंदा. त्या आठ दिवसांत ईसीआरमध्ये वेतन ८,४०० करायचं, ईएसआयच्या पोर्टलवर भरलेले दिवस, कामाचा शेवटचा दिवस आणि नोकरी सोडल्याचं कारण टाकायचं, पीएफला बाहेर पडल्याची तारीख लावायची. चलन पूर्ण पगारावर गेलं की कामगाराचा हिस्सा त्याच्या पीएफ खात्यात, आणि वर मालकाचा हिस्साही. तो मालकाला सहज ओढून घेता येत नाही. शिवाय त्या महिन्यात दुसऱ्या कारखान्यानेही त्याचं चलन भरलेलं असेल तर एकाच काळात दोन नोकऱ्या दिसतात आणि पुढे त्याचा क्लेम अडकतो. मग तो हेलपाटे घालत येतो, आणि ज्या मालकाला ५,३४९ मिळाले नाहीत तो दुरुस्तीच्या कागदावर सही करत नाही.

२०१८ नंतर पुण्याची एक कंपनी या पट्ट्यात शिरली. दर आमच्या निम्मे, मोबाइलवर पगाराची चिठ्ठी, आणि ‘हिशोब एका क्लिकवर’. त्या दोन वर्षांत आमचे निम्म्याहून जास्त ग्राहक गेले, ऑफिसचं भाडं थकलं. तरी त्यांचं सॉफ्टवेअर काय करत होतं ते सांगितलंच पाहिजे. ते राजीनाम्याची तारीख हाच शेवटचा दिवस धरत होतं, मशीनचा डेटा बघतच नव्हतं. परत घ्यायची रक्कम ढोबळ, म्हणजे कपातीआधीच्या, पगारावर काढत होतं. आणि शेवटच्या पगारातून सगळी एकदम कापत होतं, इतकी की चिठ्ठीवर निव्वळ पगार उणे यायचा. ती उणे रक्कम पुढच्या महिन्यात ‘बाकी’ म्हणून ओढली जायची, नसलेल्या माणसाच्या नावावर.

वेतन कायद्यात जास्त दिलेला पगार वळता करायला परवानगी आहे, पण एका वेतन काळातली एकूण कपात पगाराच्या ५० टक्क्यांवर जाऊ शकत नाही. वरच्याच माणसाचा शेवटचा पगार ८,४०० असेल आणि मागची दहा हजारांची उचल बाकी असेल, तर कपातीची हद्द ४,२००. त्यात पीएफ, ईएसआय, व्यवसाय कराचे १,२४६ आधीच गेले. उचलीपोटी कापता येतात २,९५४. उरलेल्याला वेगळा लेखी करार. हे त्या सॉफ्टवेअरला ठाऊक नव्हतं, आणि विकणाऱ्यालाही नव्हतं. काही ठिकाणी त्यांनी फरक ग्रॅच्युइटीतून कापला. ग्रॅच्युइटीला कायद्याने जप्तीपासून संरक्षण दिलंय, तिथे हात घालायचाच नाही. लेबर ऑफिसात तक्रारी गेल्या, तेव्हा उत्तरं लिहायला आम्हाला बोलावलं. बिल मात्र त्यांचंच चालू राहिलं.

त्या काळात एक ग्राहक हलला नाही. शिरोलीत मशीन शॉप चालवणाऱ्या काकी. त्यांच्या फोरमनची पद्धत आम्ही पुढे सगळीकडे लावली : तीन दिवस सलग खाडा आणि फोन नाही, तर नावापुढे लाल फुली. फुलीचा अर्थ पगार अडवायचा असा नाही. भरलेल्या दिवसांचा पगार सातच्या आत जायलाच हवा. फुली म्हणजे या माणसाचे दिवस मशीनवरून मोजा, मागच्या फाइलवरून नको. काकींकडे जास्तीचा पगार क्वचितच जातो. त्यांच्या ऑफिसात संगणक एकच आहे, तोही जुना.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता लागू झाली आणि वेळ आणखी आवळला. पूर्वी मालकाने काढलं तरच दोन दिवसांत हिशोब द्यावा लागायचा. आता राजीनामा दिला तरी दोन कामाच्या दिवसांत. म्हणून रजेची आणि उचलीची बाकी महिन्याच्या महिन्याला जुळवलेली हवी. माणूस दारात उभा राहिल्यावर वही उघडणाऱ्याकडून चूक होणारच.

कुणी विचारलं नाही तरी सांगतो, पैसे परत मागायचे तर कागद द्या. फोनवर ओरडू नका. कोणता महिना, किती दिवस, किती दिले, किती द्यायचे होते, निव्वळ फरक किती, कोणत्या खात्यावर आणि किती हप्त्यांत, हे एका पानावर, कामगाराला वाचता येईल त्या भाषेत. फाउंड्रीत निम्मी माणसं बिहार-ओडिशाची, तिथे मराठी पत्राचा उपयोग नाही, हिंदीत द्या. बँकेच्या नोंदीची प्रत जोडा. दोन-तीन हप्ते दिले तर बहुतेक माणसं देतात. अनुभवाचा दाखला किंवा पीएफची तारीख अडवून धरू नका. शेवटच्या चलनानंतर दोन महिन्यांनी तो ती तारीख स्वतःच टाकू शकतो, मग तुमच्या हातात काय राहिलं? कोर्टाचा रस्ता आहे. चुकून दिलेले पैसे परत करावे लागतात, असं १८७२ च्या करार कायद्याचं ७२ वं कलम सांगतं. पण ५,३४९ रुपयांसाठी वकिलाची नोटीस म्हणजे आणखी खर्च.

मॅनेजर, इंजिनिअर अशा टीडीएसवाल्यांचं थोडं वेगळं. रक्कम ३१ मार्चच्या आत परत आली तर शेवटच्या तिमाहीच्या विवरणपत्रात पगार कमी दाखवा. जास्त भरलेला कर त्याला रिटर्नमध्ये परत मिळतो. टॅलीत फरक पगार खर्चात ठेवू नका, त्या माणसाच्या नावावर येणे म्हणून वेगळा काढा, नाहीतर वर्षअखेरीला तो दिसणारच नाही. आणि नोटीस पिरियडचे पैसे घेतले तर त्यावर जीएसटी नाही, ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकाने ते स्पष्ट झालंय. अजूनही काही जण भरतात, का ते त्यांनाच माहीत.

आता गेलेल्यांपैकी बरेच ग्राहक परत आलेत. नवीन कुणी आला तर आम्ही सॉफ्टवेअर कोणतं ते विचारत नाही. चालू महिन्यात गेलेल्यांची नावं, थंब मशीनचा कच्चा डेटा आणि बँकेला गेलेली शेवटची फाइल आणायला सांगतो, शक्यतो आठ तारखेच्या सकाळी. दर माणशी आहे, निघालेल्याच्या हिशोबाचे वेगळे पैसे नाहीत. पुण्याच्या कंपनीची बिलं ज्यांनी भरलीत, त्यांना यातला फरक सांगावा लागत नाही.