डिपर कुठाय?

रविवार, रात्री साडेअकरा

आप्पा चिडले असते तर बरं झालं असतं. आज सकाळी ताईकडून आले, पिशवी ओट्यावर ठेवली, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, "डिपर कुठाय?" म्हणजे हेडलाइटचा झोत वर-खाली करायचा खटका. मी सांगायला लागलो तोवर आत गेले.

तीन रविवार घातलेत मी आप्पांच्या या यामाहा आरएक्स मोटारसायकलीत. हँडलवरची दोन्ही बाजूंची बटणं काढली, बुटकं हँडल टाकलं. आता त्यावर क्लच, ब्रेक, ग्रिपा, बस. सुन्या तर दोन मिनिटं नुसता बघत उभा होता. आणि ज्यांची गाडी त्यांना दिसलं काय, तर जे नाही ते. दहावीलाही हेच. गणितात १४८ पडले तर म्हणे, "दोन कुठं गेले?"

हेडलाइट खोलला तेव्हा आत १९९४ पासूनची धूळ आणि वायरींचं घरटं. माझा हात होंडावर बसलेला, त्यात हिरवी म्हणजे अर्थिंग. घरच्या वायरिंगलाही हिरवी म्हणजे अर्थिंगच. यामाहात मात्र अर्थिंग काळी, हिरवी डिपरची, म्हणजे खालच्या झोताची, आणि पिवळी अप्परची, म्हणजे लांबच्या झोताची. एवढं कळायला एक अख्खी संध्याकाळ गेली, मल्टीमीटरच्या पिना टोचत आणि वायर जुळली की होणारं पीं ऐकत. पहिल्यांदा जोडलं तर अप्पर आणि डिपर दोन्ही एकदम लागले. म्हटलं आता उजेड दुप्पट. पडला समईएवढा. आरएक्सचा हेडलाइट बॅटरीवर नाही, थेट मॅग्नेटोवर, म्हणजे इंजिनाबरोबर फिरून वीज करणाऱ्या यंत्रावर चालतो. त्यातली कॉइल देईल तेवढंच, ते दोघांत वाटून घ्यायचं. रेस दिली की जरा उजळायचा, सोडली की पुन्हा तोंड पाडून बसायचा.

शेवटी तीन पायांचं टॉगल स्विच आणलं. मधल्या पायाला लाइटची वायर, एका बाजूला पिवळी, दुसऱ्या बाजूला हिरवी. हेडलाइटच्या मागे, कुणाला दिसणार नाही असं बसवलं. दिसत नाही याचंच मला केवढं कौतुक.

काल रात्री पसरणी घाटात वरून एसटी उतरत होती. तिनं दोनदा अप्पर-डिपर मारलं, बरोबरच होतं तिचं. माझा डावा अंगठा आपसूक गेला तिथं नुसतं रबर. पुन्हा चाचपलं. मग हँडल सोडून हात हेडलाइटमागे घातला, टॉगल ओढलं आणि ते मध्येच थांबलं. त्याला मधे 'बंद' आहे हे दुकानात बघितलंच नव्हतं. समोर एकदम काळं. चाक खडीवर गेल्याचा आवाज आला. कठडा कुठल्या हाताला, तेही आठवेना. अर्धा सेकंद असेल फार तर.

घरी सांगितलं नाही. म्हणून झोंबला का तो प्रश्न? पण आप्पांना कुठं ठाऊक होतं? मोतीबिंदूनंतर ते रात्रीची गाडी काढतही नाहीत. ते जाऊ दे.

दुपारी सुन्याला फोन केला. तो म्हणाला, "१ एप्रिल २०१७ पासूनच्या नव्या दुचाकींना तरी कुठं लाइट बंद करायचं बटण असतं? सदा चालूच." मला तेवढ्यापुरतं बरं वाटलं. पण डिपर त्यांनाही असतोच की.

मग डब्यातलं जुनं स्विच काढून खोललं. आत तांब्याची पट्टी. खटका अगदी हळू सरकवला तर दिसलं, पट्टी पिवळीचा पॉइंट सोडायच्या आधीच हिरवीच्या पॉइंटला टेकते. मधे क्षणभर दोन्ही धरून असते. म्हणजे अंधार पडतच नाही. खरं वाटेना म्हणून मल्टीमीटर लावून पाच-सहा वेळा पाहिलं. खटक्याच्या रेघा झिजून गेल्यात, नदीतल्या गोट्यासारखा झालाय. माझा अंगठा त्यावर बसला तो जरा तिरका, खालच्या अंगाला. झीज वरच्या अंगाला आहे.

म्हटलं, लावावं परत. तर वायरी मी मुळापासून कापलेल्या. चार बोटं सोडायला काय झालं होतं? पण तेव्हा हात भारी सफाईदार चालला होता ना. सात जोड, त्यांवर चढवायच्या सात स्लीव्ह, दोनदा बोट भाजलं, एकदा स्लीव्ह आधी घालायचीच विसरलो. चकचकीत बुटक्या हँडलवर ते जुनाट काळं डबडं आता असं दिसतंय, जसं नव्या सदऱ्यावर आजोबांचा मफलर.

साडेआठला आप्पांना बाहेर बोलावलं. गाडी चालू केली, भिंतीवर अप्पर, डिपर, अप्पर करून दाखवलं. त्यांनी स्वतः खटका दोनदा मारला. मी वाट बघत उभा.

"आरसा कुठाय?" म्हणाले.