रेसिडेन्सीतील आठ आठवडे : एका मुद्राचित्रकाराचा अनुभव

मी मुद्राचित्रकार आहे आणि गेली १७ वर्षे मुख्यतः एचिंग करत आले आहे, म्हणजे धातूच्या प्लेटवर आम्लाने रेषा कोरून, त्यांत शाई भरून कागदावर ठसे काढते. मागच्या वर्षी परदेशातील एका मुद्राचित्र कार्यशाळेच्या रेसिडेन्सीसाठी, म्हणजे कलावंताला ठरावीक काळ तिथे राहून काम करू देणाऱ्या कार्यक्रमासाठी, मी आठ आठवडे घरापासून दूर राहिले. जाण्यापूर्वी मला कोणी विचारले असते की तिथे तुला काय हवे आहे, तर मी एकच शब्द उच्चारला असता : वेळ. तो हातात पडल्यावर त्याचे काय होते, हे मात्र मला कोणी सांगितले नव्हते, किंवा सांगितले असेल तर मी ते ऐकून घेतले नव्हते. म्हणून ते सविस्तर लिहीत आहे.

या रेसिडेन्सीपूर्वी तीन वर्षांत मी चार ठिकाणी अर्ज केले होते. सगळीकडे मागणी साधारण सारखीच असते : अलीकडच्या कामाची १५ ते २० छायाचित्रे, कलाविषयक निवेदन, दोन शिफारसपत्रे आणि तिथे काय करणार याचा प्रस्ताव. निवेदन लिहिणे जमते, कारण ते झालेल्या कामाबद्दल असते. प्रस्ताव लिहिताना मात्र जे चित्र अजून दिसलेलेच नाही त्याचे वर्णन करावे लागते, आणि निवड समितीला ते खरे वाटावे इतके ते नेमके असावे लागते. त्या चारपैकी तीन ठिकाणांहून नकार आला. चौथ्या ठिकाणाहून निवड झाल्याचे पत्र आले खरे, पण राहण्याचे भाडे, स्टुडिओचे भाडे आणि साहित्याचा खर्च मीच द्यायचा होता. ‘निवड’ या शब्दाने मी दोन दिवस हुरळून गेले होते. तिसऱ्या दिवशी हिशेब मांडला आणि नकार कळवला. असे कार्यक्रम वाईटच असतात असे मी म्हणणार नाही, कारण ज्याला परवडते त्याला तिथेही चांगले काम करता येते. तरी अर्ज करण्याआधीच प्रवास, निवास, विमा आणि साहित्य यांपैकी कशाचा खर्च कोण करणार, तिथे तयार झालेल्या कामावर हक्क कोणाचा राहणार आणि बदल्यात काय द्यावे लागणार, हे लेखी विचारून घ्यावे, असे मी आता प्रत्येक विद्यार्थ्याला सांगते.

बदल्यात काय द्यायचे, हा प्रश्न या व्यवस्थेइतकाच जुना आहे. फ्रान्सच्या राजसत्तेने १६६६ मध्ये रोममध्ये अकादमी काढली, तेव्हा तिथे पाठवलेल्या तरुण कलावंतांकडून राजासाठी प्राचीन शिल्पांच्या आणि चित्रांच्या प्रतिकृती करून घेतल्या जात. याउलट अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमध्ये १९०७ साली संगीतकार एडवर्ड मॅकडॉवेल आणि पियानोवादक मॅरियन मॅकडॉवेल या दांपत्याने सुरू केलेल्या वसाहतीत दुपारच्या जेवणाची टोपली स्टुडिओच्या दारात ठेवून निघून जाण्याची पद्धत पडली, ती आत काम करणाऱ्याचा धागा तुटू नये म्हणून. मला मिळालेली रेसिडेन्सी या दोन टोकांच्या मधली होती. एक व्याख्यान, शेवटच्या आठवड्यात एक खुला स्टुडिओ आणि तिथे छापलेल्या आवृत्तीतील (एकाच प्लेटवरून काढलेल्या ठरावीक ठशांच्या संचातील) दोन ठसे कार्यशाळेच्या संग्रहासाठी, एवढीच अपेक्षा होती. ती मला आजही रास्त वाटते.

प्रवासाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. नायट्रिक आम्ल आणि टर्पेंटाइन विमानातून नेता येत नाही, चेक-इन सामानातूनही नाही. त्यामुळे मी सुया, स्क्रेपर (खरवडण्याचे हत्यार), बर्निशर (घासून गुळगुळीत करण्याचे हत्यार) आणि कापून, कडा कानशीने घासून तयार केलेल्या जस्ताच्या सहा प्लेट्स एवढेच घेतले. त्या प्लेट्सचे वजन मी दोन विमानतळांवर वाहिले आणि त्यांतील एकही तिथे वापरता आली नाही.

पहिल्याच दिवशी कार्यशाळेच्या तंत्रज्ञ बाईंनी मला सगळे दाखवले. प्रेस उत्तम होता, फेल्टची ब्लँकेट्स स्वच्छ होती, कागद भिजवायची टाकी माझ्या घरच्या टेबलापेक्षा मोठी होती. मग त्या म्हणाल्या, “नायट्रिक आम्ही अनेक वर्षांपूर्वी बंद केले. इथे फक्त तांबे आणि फेरिक क्लोराइड. जस्त कृपया या टाकीत घालू नका, द्रावण खराब होते.” राळेची भुकटी उडवून अॅक्वाटिंट करण्याची, म्हणजे रेषांऐवजी करड्या-काळ्या छटा मिळवण्याची, पेटीही तिथे नव्हती, तिच्या जागी एअरब्रशने अॅक्रिलिकचे बारीक तुषार उडवायचे होते. त्यामागची कारणे मला पूर्ण मान्य होती. नायट्रिकची वाफ फुप्फुसांना काय करते, हे माझ्या पिढीतील प्रत्येक मुद्राचित्रकाराने थोडेफार अनुभवले आहे, आणि राळेची धूळ श्वासात जाते तशीच ती ठिणगीने पेटही घेऊ शकते. तरीही त्या क्षणी मला आपले हात कोणीतरी काढून घेतल्यासारखे वाटले.

याचे कारण मुद्राचित्र न करणाऱ्यांसाठी थोडे उलगडून सांगायला हवे. जस्ताची प्लेट नायट्रिकमध्ये टाकली की रेषांवर बुडबुडे येतात. पिसाने ते हलकेच बाजूला सारायचे, ते किती जोरात आणि किती दाट येत आहेत ते पाहायचे आणि त्यावरून आम्ल किती खोल चावले याचा अंदाज घ्यायचा. १७ वर्षे माझी नजर त्या बुडबुड्यांवर तयार झाली होती. फेरिक क्लोराइडचे द्रावण गडद तपकिरी, अपारदर्शक असते. तांब्यावर बुडबुडे येत नाहीत, वास जवळपास नसतो, आणि रेषांत गाळ साठू नये म्हणून प्लेट उभी किंवा पालथी ठेवतात, म्हणजे ती दिसतही नाही. काय चालले आहे हे समजण्याचे साधन एकच उरते, ते म्हणजे घड्याळ. आणि घड्याळाचा उपयोग होण्यासाठी त्या टाकीत, त्या तापमानाला, किती मिनिटांत किती काळा रंग मिळतो हे आधी माहीत असावे लागते.

माझे पहिले १० दिवस वाया गेले असे मी त्या वेळी रोजनिशीत लिहिले होते. घरी मी शिकवण्याच्या तासांमधून आणि घरकामातून दोन-दोन तास चोरून काम करते. स्टुडिओत शिरताना चित्र डोक्यात जवळजवळ तयार असते, कारण ते भाजी चिरताना, प्रवासात, मुलीचा अभ्यास घेताना आत शिजत आलेले असते. इथे सकाळी ८ वाजता दार उघडले की रात्रीपर्यंत मला कोणीही हाक मारणार नव्हते. मी टेबलाशी बसे, सुया ओळीने लावी, त्या पुन्हा दुसऱ्या क्रमाने लावी. माझ्या प्रस्तावात १२ प्लेट्सची मालिका होती आणि तिचा विषय होता ‘रिकाम्या खोल्या’. त्या खोल्या मी घरी, गडबडीच्या मधोमध बसून कल्पिल्या होत्या. प्रत्यक्ष रिकाम्या खोलीत बसल्यावर त्यांच्यात काढण्यासारखे काही उरले नाही.

संध्याकाळी सगळे कलावंत एका टेबलावर जेवत असू. एक शिल्पकार, एक ध्वनीवर काम करणारी मुलगी, एक लेखक आणि मी. “काम कसे चालले आहे?” हा प्रश्न अगदी आपुलकीने विचारला जाई आणि दररोज तो मला जड जाई. शिल्पकाराने दुसऱ्या दिवसापासून प्लास्टर कालवायला घेतले होते आणि त्याचे पांढरे हात पाहून मला स्वतःचे स्वच्छ हात लपवावेसे वाटत. तिसऱ्या आठवड्यात त्यानेच मला सांगितले की त्याने आतापर्यंत केलेले सर्व फोडून टाकले आहे. ही गोष्ट त्याने पहिल्या आठवड्यात सांगायला हवी होती, असे मला आजही वाटते. अर्थात तेव्हा ती त्यालाही माहीत नव्हती.

माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. माझ्या पतीने घर उत्तम सांभाळले, त्याबद्दल मला कसलीही काळजी नव्हती. तरी “मुलीला सोडून कशी गेलीस?” हा प्रश्न निघण्याआधी मला इतक्या जणांनी विचारला होता, की तो मी माझ्याबरोबरच नेला होता. आठ आठवडे म्हणजे तिच्या शाळेच्या सत्राचा मोठा तुकडा. बऱ्याच रेसिडेन्सींमध्ये मुलांना आणता येत नाही. लहान मुले असलेल्या कलावंतांनी, त्यातही आयांनी, अर्जच न करण्याचे हे एक सरळ कारण आहे आणि आयोजकांनी त्याचा गांभीर्याने विचार करायला हवा. काही ठिकाणी कुटुंबासह राहण्याची किंवा मुक्काम दोन भागांत विभागण्याची सोय होऊ लागली आहे. मला ती मिळाली असती तर मी घेतली असती.

आम्ही रोज व्हिडिओ कॉलवर बोलत असू. पहिल्या आठवड्यात ती खूप बोलली, नंतर कमी. बोलता बोलता तिला काहीतरी आठवे, मग ती फोन पलंगावर उताणा ठेवून पळून जाई आणि माझ्या पडद्यावर आमच्या खोलीचे छत राही : ओलीचा एक डाग, पंख्याची फिरती पाती, खिडकीतून येणाऱ्या उजेडाचा एक तिरका पट्टा, आणि दुरून येणारा तिचा आवाज. मी फोन बंद करत नसे. कधी पाच मिनिटे, कधी दहा मिनिटे मी ते छत पाहत बसे.

अकराव्या दिवशी, दुसरे काही सुचत नाही म्हणून, मी तांब्याच्या एका पट्टीवर वेळेची चाचणी घ्यायला बसले. हे काम कोणताही विद्यार्थी करतो. पट्टीवर अॅक्वाटिंटचे तुषार उडवले, पहिला भाग वार्निशने झाकला, उरलेली पट्टी १५ सेकंद द्रावणात ठेवली, काढली, धुतली, वाळवली, दुसरा भाग झाकला आणि पुन्हा आत. एकूण वेळ ३० सेकंद झाला, मग १ मिनिट, २, ४, ८ आणि १६. संध्याकाळी ती पट्टी छापली, तेव्हा कागदाच्या पांढऱ्यापासून मखमली काळ्यापर्यंत आठ छटा शेजारी शेजारी उमटल्या. १५ आणि ३० सेकंदांच्या मधला करडा रंग पाहताना मला छत आठवले. तो रंग नायट्रिकमध्ये मला कधीच इतका शांत मिळाला नव्हता.

त्यानंतर मी आणखी दहा चाचणी-पट्ट्या केल्या, कारण छताचे सगळे चित्र पहिल्या तीन छटांत बसवायचे होते आणि तिथे पाच सेकंदांनीही फरक पडत होता. फोनवर दिसलेले छत आठवून मी चार प्लेट्स केल्या. पंख्याची पाती फिरताना जशी दिसत तशी ठेवायची तर कडा असून चालणार नव्हते; शेवटी मी पूर्ण करडा थर आधी चावून घेतला आणि पाती बर्निशरने घासून उजळ केली. त्या एका प्लेटला नऊ दिवस लागले. दरम्यान कोणीही मला हाक मारली नाही, हे मला त्या नऊ दिवसांत एकदाही जाणवले नाही.

प्रस्तावातील मालिका होणार नाही, असे मी पाचव्या आठवड्यात संचालकांना कळवले. उत्तर तयार करून गेले होते, पण त्यांनी खुलासा मागितला नाही. नव्या प्लेट्स पाहायला त्या स्वतः स्टुडिओत आल्या आणि बराच वेळ थांबल्या. या एका बाबतीत मी भाग्यवान ठरले, कारण प्रस्तावाला करारनामा समजणारी ठिकाणेही मला इतरांकडून कळली आहेत.

छपाईला मात्र वेळ अपुरा पडला. कागद भिजवणे, शाई भरणे, जाळीच्या कापडाने आणि मग तळव्याने पुसणे, प्रेसमधून काढणे, असे एका दिवसात माझे पाच-सहाच चांगले ठसे होतात. दोन प्लेट्सची १२-१२ ठशांची आवृत्ती पूर्ण झाली, त्यांतील दोन ठसे संग्रहाला दिले, उरलेल्या दोन प्लेट्स न छापताच सामानात बांधल्या.

घरी आल्यावर तीन आठवडे मी काहीही केले नाही. पत्रव्यवहार होता, शिकवण्याचे राहिलेले तास भरून काढायचे होते, आणि शिवाय घरात प्रत्येक आवाजाने मी दचकत होते. हा काळ येतो, असे दोन अनुभवी मित्रांनी बजावले होते. तरी तो सोपा झाला नाही. शेवटी अहवाल पाठवायची मुदत आली. ‘पूर्ण झालेले काम’ या रकान्यात मी चार प्लेट्स आणि ११ चाचणी-पट्ट्या असे लिहिले आणि पहिल्या पट्टीचे छायाचित्र सोबत जोडले.

मग घरच्या स्टुडिओत तांब्यासाठी फेरिक क्लोराइडची वेगळी टाकी तयार केली. तिकडे काढलेल्या वेळा इथे लागू होत नाहीत. द्रावण जितके उबदार तितके ते लवकर चावते. म्हणजे पट्टी पुन्हा पहिल्यापासून करायची. एका रविवारी सकाळी मी हातमोजे आणि चष्मा चढवला, दारे-खिडक्या उघडल्या आणि मुलीला टाकीपासून दूर, दाराजवळच्या स्टुलावर घड्याळ देऊन बसवले. तिने पहिले १५ सेकंद मोठ्याने मोजले. १६ मिनिटांच्या शेवटच्या फेरीपर्यंत ती कंटाळून उठून जाईल असे मला वाटले होते, पण ती बसून राहिली, आणि वेळ संपायला एक मिनिट असताना तिने विचारले, “आई, आत काय होतंय ते तुला कसं कळतं?”